शहराच्या तिजोरीचे पहारेकरी : सर फिरोजशहा मेहता

भारतातील कोणत्याही महानगरपालिकेत रस्त्याचे, नाल्याचे वा पाणीयोजनेचे काम निघाले की काही शब्द ठरलेल्या क्रमाने कानी पडतात : अंदाजपत्रक, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, कार्यादेश, देयक आणि लेखापरीक्षण. आयुक्ताने काम करावे, लोकप्रतिनिधींच्या समितीने त्यावर नजर ठेवावी आणि पैशाचा अंतिम मालक म्हणून सभागृहाने जाब विचारावा, अशी ही व्यवस्था आहे. ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल, हे सहसा ध्यानी येत नाही. तिची जडणघडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत झाली आणि त्या जडणघडणीवर सर्वांत खोल ठसा उमटला तो सर फिरोजशहा मेहता यांचा. काँग्रेसचे नेते, विधिमंडळातील वक्ते आणि नामांकित बॅरिस्टर म्हणून देश त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्याची चार दशकांहून अधिक वर्षे मात्र मुंबईच्या नगरपालिकेला वाहिलेली होती.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका व्यापारी पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथील प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची या तरुणावर विशेष मर्जी होती. १८६४ मध्ये ते पदवीधर झाले आणि रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी देऊ केलेल्या साहाय्याच्या बळावर कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नौरोजींच्या सहवासात त्यांना सार्वजनिक जीवनाची दीक्षा मिळाली. १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

ते परतले तेव्हाची मुंबई एका मोठ्या वादळातून नुकतीच सावरत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशाचा पूर लोटला आणि भागभांडवलाच्या सट्ट्याने सर्वांना झपाटले. १८६५ मध्ये युद्ध संपले तसा तो फुगा फुटला. पेढ्या बुडाल्या, नामवंत व्यापाऱ्यांची दिवाळी निघाली. फिरोजशहांना साहाय्य करणाऱ्या जीजीभाईंच्या घराण्यालाही त्याची झळ लागली. त्याच वर्षी मुंबईच्या नगरव्यवस्थेसाठी नवा कायदा अमलात आला. सरकारने नेमलेल्या जस्टिसेस ऑफ द पीस मंडळींची संस्था ही शहराची अधिकृत पालिका ठरली आणि सर्व कार्यकारी सत्ता एका आयुक्ताच्या हाती देण्यात आली. पहिले आयुक्त म्हणून आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली.

क्रॉफर्ड हे धडाडीचे आणि कल्पक अधिकारी होते. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारांची कामे काढली, कत्तलखाने वस्तीबाहेर वांद्र्याला हलवले आणि शहराच्या सफाईची घडी बसवली. १८६९ मध्ये उभी राहिलेली त्यांच्या नावाची मंडई आजही त्या कर्तबगारीची साक्ष देते. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. मुंबईचे आरोग्य सुधारले, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही.

दोष होता तो खर्चाच्या पद्धतीत. अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याचा अधिकार कागदोपत्री जस्टिसेसना होता. परंतु त्यांच्या सभा क्वचित भरत, अनेक सभासद फिरकत नसत आणि कोणत्या कामासाठी कोणाशी किती रकमेचा करार झाला, याची वेळच्या वेळी माहिती मिळण्याची सोय नव्हती. काम आधी सुरू होई, देयके मागाहून येत आणि झालेल्या खर्चाला संमती देण्यापलीकडे सभेच्या हाती काही उरत नसे. मंजूर रकमेची मर्यादा ओलांडली गेली, तूट वाढली आणि ती भरून काढण्यासाठी करांचा बोजा चढत गेला. मंदीने आधीच पिचलेल्या घरमालकांचा आणि व्यापाऱ्यांचा संयम १८७१ च्या सुमारास सुटला.

करदात्यांची मोठी चळवळ उभी राहिली. जेम्स फोर्ब्स यांच्यासारखे युरोपीय व्यापारी आणि नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे जुने जाणते पुढारी तिच्या अग्रभागी होते. टाऊन हॉलमध्ये सभा भरल्या, खर्चाचे वाभाडे निघाले. चळवळीतील मंडळींचा उपाय सरळ होता : एका माणसाच्या हाती सत्ता दिल्याने हे घडले, तेव्हा आयुक्तपद मोडावे आणि कारभार एका कार्यकारी मंडळाकडे सोपवावा. क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले. त्यांच्या बाजूने बोलणे म्हणजे लोकक्षोभ ओढवून घेणे, असे शहराचे वातावरण होते.

नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी सभागृहात २६ वर्षांच्या फिरोजशहांनी नगरपालिका सुधारणेवर एक निबंध वाचला आणि हा क्षोभ स्वतःवर ओढवून घेतला. आयुक्तपद मोडू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्रॉफर्ड यांच्या कामाचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले. श्रोत्यांनी गोंगाट करून आपली नाराजी व्यक्त केली. वकिलीत नुकताच जम बसवू पाहणाऱ्या तरुणाला हा सौदा परवडणारा नव्हता.

त्या निबंधातील युक्तिवाद मात्र पुढील दीड शतकाला पुरला. कार्यकारी सत्ता एका व्यक्तीकडे असली की चुकीचा जाब कोणाला विचारायचा, हे स्पष्ट असते. तीच सत्ता समितीकडे गेली की जबाबदारी सभासदांत वाटली जाते, कोणीही उत्तरदायी राहत नाही आणि कामे देण्यात व्यक्तिगत हितसंबंध शिरण्याचा धोका वाढतो. फिरोजशहांच्या मते उधळपट्टीचे मूळ देखरेखीच्या अभावात होते. जस्टिसेस हे सरकारनियुक्त होते. त्यांना करदात्यांना सामोरे जावे लागत नव्हते, म्हणून त्यांची नजर ढिली राहिली. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा : आयुक्त कायम ठेवावा, परंतु त्याच्यावर करदात्यांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा आणि त्या सभागृहाच्या छोट्या, सजग समितीचा अंकुश असावा, हिशेबांची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी. काम करणारा हात आणि पाहणारा डोळा वेगवेगळ्या शरीरांचे असावेत, हा त्या योजनेचा गाभा होता.

१८७२ च्या कायद्यात या विचाराचा मोठा भाग उतरला. ६४ सभासदांची पालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसेसनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे होते. खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी १२ जणांची नगरसमिती स्थापन झाली. आयुक्तपद टिकले. मताधिकार ठरावीक कर भरणाऱ्यांपुरता असल्याने बहुसंख्य मुंबईकर त्याबाहेरच राहिले. तरीही एका मोठ्या भारतीय शहराच्या पैशावर निवडून आलेल्या माणसांचा हक्क कायद्याने मान्य केला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

फिरोजशहा पालिकेत आले ते कायमचेच. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते तिचे अध्यक्ष होते. त्यांचा खाक्या सर्वांना ठाऊक झाला होता. विषयपत्रिकेवरील प्रत्येक कागद ते वाचून येत. आयुक्ताचा प्रस्ताव, अभियंत्याचा अंदाज, मागील वर्षाचा खर्च आणि कायद्याचे कलम हे सारे त्यांच्या जिभेवर असे. टोलेजंग व्यक्तिमत्त्व, खडा आवाज आणि मर्मभेदी उपरोध यांच्या जोडीला ही तयारी असल्याने अधिकाऱ्यांना त्यांची धास्ती वाटे. मात्र, योग्य प्रस्तावाच्या पाठीशीही ते तितक्याच खंबीरपणे उभे राहत.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर मुंबईच्या कायद्याची फेररचना सुरू झाली. नव्या विधेयकात आयुक्ताचे पारडे जड होण्याची आणि पालिकेचे स्थान दुय्यम ठरण्याची चिन्हे दिसू लागली. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांना मुंबई विधिमंडळावर घेतले. बॅरिस्टर मेहता आणि संस्कृत पंडित व कायदेतज्ज्ञ तेलंग यांनी विधेयकाचे कलमवार परीक्षण करून त्याला बरेच निराळे वळण दिले. १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम त्यातून साकारला. अनेक दुरुस्त्यांसह तो आजही मुंबईत लागू आहे.

या कायद्याने सभासदसंख्या ७२ केली. त्यांपैकी ३६ प्रभागांतून निवडले जाणार होते. नगरसमितीची जागा १२ जणांच्या स्थायी समितीने घेतली. तिचे आठ सभासद पालिकेने निवडायचे आणि चार सरकारने नेमायचे होते. शहराचा कारभार पालिकेत निहित असल्याचे कायद्याने निःसंदिग्धपणे नमूद केले आणि कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे ठेवले. आयुक्ताची नेमणूक सरकारने करावी. परंतु एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केल्यास त्याला दूर करणे सरकारवर बंधनकारक राहावे, अशी तरतूद झाली.

कंत्राटांविषयीची कलमे या रचनेचा कणा होती. प्रत्येक करार पालिकेच्या वतीने आयुक्तानेच करायचा. परंतु ठरावीक रकमेपलीकडचा करार स्थायी समितीच्या पूर्वमान्यतेशिवाय करायचा नाही. मोठ्या कामांसाठी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवायच्या आणि त्यासाठी किमान सात दिवसांचा अवधी ठेवायचा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारलीच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. सर्व बाजूंनी विचार करून पालिकेला अधिक हितकारक वाटेल ती घ्यावी किंवा सगळ्याच नाकाराव्यात, अशी मुभा होती. निविदा न मागवता काम द्यायचे झाल्यास स्थायी समितीला त्याची कारणे नोंदवावी लागत. कंत्राटदाराकडून काम पुरे करण्याबद्दल हमी घ्यायची होती. ज्या सभासदाचा पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, त्याला सभासद राहण्याचा अधिकार नव्हता. आज देशभरातील निविदांच्या जाहिराती वाचणाऱ्याला यात नवे काही दिसणार नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या व्यवहाराला या तरतुदींनी कागदावर आणि प्रकाशात आणले.

याच १८८८ या वर्षी क्रॉफर्ड हे नाव पुन्हा गाजले. ते आता पुण्याला मध्य विभागाचे आयुक्त होते. हाताखालच्या मामलेदारांकडून बढत्या-बदल्यांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपांवरून त्यांची चौकशी झाली. चौकशी मंडळाने लाचखोरीचा आरोप सिद्ध मानला नाही. परंतु आपल्या अखत्यारीतील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्यांना दोषी धरले आणि सरकारने त्यांना सेवेतून दूर केले. अभय देऊन साक्षीला बोलावलेल्या मामलेदारांचा बळी जाऊ नये, म्हणून बाळ गंगाधर टिळकांनी पुण्यात आवाज उठवला. सतरा वर्षांपूर्वी ज्या अधिकाऱ्याची पाठराखण करताना फिरोजशहांनी लोकांचा रोष पत्करला होता, त्याचीच ही अखेर होती. त्यांनी माणसाची पारख करण्यात घाई केली, असे कोणी म्हणू शकेल. तथापि कर्तबगार माणसालाही पहाऱ्याविना सोडू नये, हा त्यांच्या निबंधाचा मुख्य मुद्दा या प्रकरणाने अधिकच बळकट झाला.

नव्या व्यवस्थेची कसोटी लागली ती प्रत्यक्ष बांधकामांत. शहापूरजवळच्या तानसा धरणाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईला मिळू लागले. एवढे मोठे काम शहराने आपल्या हिमतीवर आणि कर्ज उभारून पार पाडले. बोरीबंदरसमोर पालिकेची भव्य इमारत उभी राहिली. तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये फिरोजशहांच्या अध्यक्षपदाच्या काळात लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. आराखडा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा होता. इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. तिच्यासाठी ११ लाख ८८ हजार ८२ रुपये मंजूर होते आणि प्रत्यक्षात ११ लाख १९ हजार ९६९ रुपये लागले. मंजुरीहून सुमारे ६८ हजार रुपये कमी खर्चात सार्वजनिक इमारत पूर्ण होणे, ही क्रॉफर्ड यांच्या काळातील तुटीच्या तुलनेत लक्षणीय बाब होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि शहराच्या पुनर्रचनेसाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे, जमिनी संपादन करणे अशी प्रचंड खर्चाची कामे त्याच्याकडे सोपवली गेली. पालिकेने निवडलेले विश्वस्त त्याच्या मंडळात अल्पसंख्य होते. शहराने पैसा द्यायचा आणि शहराच्या प्रतिनिधींना त्यावर निर्णायक अधिकार नसावा, ही रचना फिरोजशहांना मान्य नव्हती. ट्रस्टवर ते सातत्याने टीका करीत राहिले. संकटाच्या निमित्ताने निवडलेल्या सभागृहाला वळसा घालून स्वतंत्र यंत्रणा उभारण्याची प्रथा पुढे अनेक शहरांत रूढ झाली. मुंबईचा ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला, तोवर फिरोजशहांना जाऊन १८ वर्षे लोटली होती.

पालिकेतील त्यांचे वर्चस्व सर्वांना रुचणारे नव्हते. १९०५ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले. मुंबईचा बेताज बादशहा ही त्यांची ओळख कौतुकाची होती तशी टीकेचीही होती. विरोधी मत त्यांना सहज सहन होत नसे, त्यांच्या अनुयायांचा गट सभागृहावर पकड ठेवून असे, ही तक्रार निराधार नव्हती. देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी त्यांच्याबाबतच विचारला.

१९०७ च्या निवडणुकीत काही बड्या युरोपीय अधिकाऱ्यांनी आणि एका प्रमुख इंग्रजी दैनिकाच्या संपादकांनी त्यांना पालिकेबाहेर काढण्यासाठी आघाडी उभारली. जस्टिसेसच्या मतदारसंघातून १६ जागा होत्या. या आघाडीच्या उमेदवारांची यादी सफल झाली आणि फिरोजशहा १७ व्या क्रमांकावर राहिले. शहर हादरले. निवडणुकीत अधिकारपदाचा दबाव वापरला गेल्याची तक्रार न्यायालयात गेली. ती लढवणाऱ्या वकिलांत तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना होते. त्या मुद्द्यावर यश आले नाही. मात्र, निवडून आलेल्या सोळाव्या उमेदवाराचा पालिकेच्या कंत्राटाशी संबंध असल्याचे निष्पन्न होऊन तो अपात्र ठरला आणि त्याची जागा फिरोजशहांना मिळाली. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्याने पालिकेत बसू नये, असे सांगणारे कलम १८८८ च्या कायद्यातले होते. ज्याच्या घडणीत त्यांनी दिवस वेचले, त्याच कायद्याने त्यांना सभागृहात परत आणले.

पालिकेबाहेरही त्यांचे कर्तृत्व मोठे होते. १८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. केंद्रीय विधिमंडळात त्यांनी सरकारी खर्चावर तीच चिकित्सक नजर ठेवली. १९०४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९०७ च्या सुरत फुटीत मवाळांचे सेनापती म्हणून जहालांचा राग त्यांच्या वाट्याला आला. १९११ मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल बँकेचे ते पहिले अध्यक्ष होते आणि १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक काढले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९२३ मध्ये पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा बसवण्यात आला.

त्यांनी पुरस्कारलेली आयुक्त, स्थायी समिती आणि सभागृह ही त्रिस्तरीय रचना मुंबईपुरती राहिली नाही. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने ती पुणे आणि अहमदाबादसारख्या शहरांत नेली. १९५७ मध्ये दिल्लीसाठी झालेल्या कायद्यातही आयुक्त आणि स्थायी समिती यांची हीच विभागणी दिसते. कलकत्त्याने १९८० च्या कायद्याद्वारे महापौर परिषदेचा वेगळा मार्ग पत्करला. म्हणजे १८७१ मधील तो जुना वाद भारतात अजूनही मिटलेला नाही.

या रचनेने गैरव्यवहार संपले, असा दावा कोणी करणार नाही. स्थायी समित्याच कंत्राटांच्या सौदेबाजीची ठिकाणे बनल्याचे आरोप अनेक शहरांत झाले. उलट, समितीच नसेल तर काय होते, हेही देशाने पाहिले आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबली. त्या दीर्घ काळात स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा यांच्यातील अंतर तेव्हा उरले नाही. प्रशासक सचोटीचा असला तरी ही व्यवस्था १८६५ च्या मुंबईची आठवण करून देणारी होती.

फिरोजशहांच्या आयुष्याकडे पाहताना त्यांच्या भाषणांची गर्जना आधी आठवते. पालिकेच्या कागदांत मात्र त्यांचा दुसरा वारसा पडून आहे : अंदाजपत्रकाची पाने उलटणारा, मंजुरीआधी प्रश्न विचारणारा, कमी उपस्थितीच्या सभेतही आपल्या जागी बसून राहणारा सभासद. कायद्याने समितीला अधिकार दिले. ते वापरण्यासाठी कागद वाचणारी माणसे तिच्यात पाठवण्याचे काम त्याने मतदारांवर सोडले आहे.